सोलण्याचा धंदा

जगात सोलण्याची कामं पुष्कळ आहेत. मटार सोलावे लागतात, लसूण सोलावा लागतो, फणस सोलायला तर घरातली दोन माणसं आणि वाटीभर तेल लागतं. शिवाय काही मंडळी भेटल्या भेटल्या आपल्यालाच सोलायला बसतात, ती वेगळी. पण एखादा बऱ्यापैकी शिकलेला माणूस तीस-बत्तीस वर्षं विमानाच्या वायरी सोलून संसार करत असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. तो माणूस मी.

लग्नाच्या वेळी यावरून थोडा घोटाळा झाला होता. मध्यस्थांनी मुलीकडे "मुलगा विमानात असतो" एवढंच सांगून ठेवलेलं. त्यात खोटं काही नव्हतं. मी रोज आठ तास विमानातच असायचो. फक्त विमान हँगरमध्ये उभं असायचं. मुलीचे मामा मोठे चौकस. त्यांनी विचारलं, "काल कुठं होता?" मी म्हटलं, "शेपटापाशी." ते म्हणाले, "तसं नव्हे, कुठल्या देशात?" मग खुलासा करावाच लागला. "मी वायरी सोलतो," असं मी म्हटल्याबरोबर पोह्यांची दुसरी बशी घेऊन निघालेली मावशी दारातून परत फिरली. बैठकीत अशी शांतता पसरली, की मामांचा पोहे चावल्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी मुलीनंच मान वर करून विचारलं, "आणि सोलून झाल्यावर पुढं काय करता?" इतका नेमका प्रश्न मला आमच्या मोठ्या साहेबांनीही कधी विचारला नव्हता. मी तिथंच हो म्हणून टाकलं.

आता कुणी म्हणेल, वायर सोलण्यात एवढं काय आहे? आमच्या गिरगावच्या चाळीतला वायरमन हेच म्हणायचा. तो दातांनी सोलायचा. वायर दाढेत धरायची, मान उजवीकडे झटकायची आणि साल पंख्याखाली थुंकून टाकायचं. बत्तीस खोल्यांचं वायरिंग त्यानं असं चावून काढलं होतं. त्याचा मुलगा जरा सुधारलेला. तो काडी पेटवून प्लॅस्टिक मऊ करायचा आणि बोटांनी ओढायचा. दाढीचं जुनं ब्लेड ही तिसरी पद्धत, ती बहुधा गृहस्थ लोक रविवारी वापरतात आणि सोमवारी बोटाला चिंधी बांधून ऑफिसात येतात.

हँगरमधल्या पहिल्याच दिवशी मास्तरांनी आम्हा सहा नव्या पोरांना ओळीत उभं करून विचारलं, "घरी वायर कशानं सोलता?" आमच्यात कोल्हापूरकडचा एक काटकुळा पोरगा होता. तो बेधडक म्हणाला, "दातांनी." मास्तर त्याच्यापुढं गेले, त्याला तोंड उघडायला लावलं, बैलाचे बघावेत तसे दात बघितले आणि म्हणाले, "चांगले आहेत. भाकरीसाठी ठेव."

मास्तर म्हणजे आमचे फोरमन. त्यांना मास्तर म्हणायचं कारण, ते नेहमी एक भिंग बाळगायचे आणि त्यातून वायर, माणूस आणि कँटीनच्या बिलाची पावती सारख्याच संशयानं बघायचे. पहिला आठवडाभर त्यांनी आम्हाला विमानाला हात लावू दिला नाही. बाकावर बसून नुसत्या वायरी बघायच्या.

आणि बघण्यासारखं त्यात पुष्कळ असतं. विमानात जागोजागी दिसते ती बावीस नंबरची वायर घ्या. वायरींचे नंबर उलटे चालतात. नंबर वाढला की वायर बारीक. शाळेतल्यासारखंच, पहिल्या नंबराचा पोरगा तुपातला आणि बाविसावा म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा. या बावीस नंबरच्या पोटात एकच जाड तार नसते. एकोणीस बारीक तारा असतात आणि त्या वेणीसारख्या पिळलेल्या असतात. एकेक तार ०.१६ मिलिमीटर, म्हणजे डोक्याचे दोन-अडीच केस एकत्र धरले तर होतील एवढी. तांब्याची, पण वरून मुलामा दिलेला. कथलाचा मुलामा असेल तर दीडशे अंशांपर्यंतची उष्णता चालते, चांदीचा असेल तर दोनशे, निकेलचा असेल तर दोनशे साठ. आमच्या हिला जेव्हा कळलं की विमानातल्या वायरींना चांदी लावतात, तेव्हा तिनं माझ्या हाताकडे आणि मग स्वतःच्या पायांतल्या जोडव्यांकडे बघितलं. बोलली काही नाही.

एकच जाड तार का नाही, तर विमान थरथरतं. उडताना थरथरतं, उतरताना थरथरतं, उभं राहून इंजिन चालू केलं तरी थरथरतं. जाड तार वाकून वाकून मोडेल. बारीक तारांची वेणी तेवढंच वाकणं हसत हसत सोसते. अट एकच. तिच्या अंगावर ओरखडा नको.

हा ओरखडा म्हणजे काय, हे मास्तरांनी आम्हाला कापडाच्या दुकानात नेऊन शिकवलं. खरोखरच नेलं, जेवणाच्या सुट्टीत. दुकानदाराला म्हणाले, "अर्धा मीटर मांजरपाट द्या." त्यानं माप घेतलं, कडेला कात्रीनं इवलासा छेद दिला आणि फर्रकन कापड फाडलं. मास्तर म्हणाले, "बघा. कात्री कितीशी लागली? बाकीचं काम कुणी केलं?" दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक कापडाची तक्रार करतंय. तो दुसरा तागा काढायला लागला. पण मला वाटतं, आम्हा सहा जणांना जे काही समजलं ते त्या फर्र आवाजात समजलं. सोलताना पातं तारेला नुसतं टेकलं, तर तार तुटत नाही. वीज जाते, दिवा लागतो, तपासणारा सही करतो. मग कुठंतरी समुद्रावर, दोन वर्षांनी, त्या ओरखड्यापासून ती थरथरून थरथरून फाटते.

म्हणून सोलण्याचे कायदे कडक. एकोणीस तारांच्या वायरीत फार तर दोन तारांवर ओरखडा चालतो. तुटलेली तार एकही चालत नाही. सदतीस तारांची जाड वायर असेल तर ओरखडे चार माफ, तुटणं तिथंही शून्य. त्याहून जाड, शेकडो तारांच्या केबलीत मात्र चार-सहा तुटलेल्यांकडे काणाडोळा करतात. मोठ्या कुटुंबात होतं तसंच. आणि अॅल्युमिनियमची वायर असेल तर माफी अजिबात नाही. ओरखडा शून्य, तुटणं शून्य. मास्तर म्हणायचे, "अॅल्युमिनियम म्हणजे व्याही. जरा लागलं की मोडलं."

हत्यार साधं दिसतं. पकडीसारखा स्ट्रिपर, त्याला वायरीच्या नंबराप्रमाणे खाचा. वायर बरोब्बर तिच्याच खाचेत आणि खाचेच्या मधोमध धरायची, मुठी पूर्ण आवळायच्या, मग हात सैल सोडून जबडा उघडू द्यायचा आणि तेव्हाच वायर बाहेर घ्यायची. ती खेचायची नाही. घाईचा माणूस इथंच फसतो, जबडा उघडायच्या आत वायर ओढतो आणि पात्यावरून तारा खरवडत येतात. पाऊण इंचापेक्षा जास्त सोलायचं असेल तर एका दमात सोलू नये, दोन-तीन हप्त्यांत सोलावं. सोलल्यावर वेणी थोडी उसवते. ती बोटांनी पुन्हा पिळायची, पण जसा मूळचा पीळ तसाच, उलटा नाही, फाजील घट्ट नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे सुंभ शाबूत असायचा आणि पीळ कुठं गेला म्हणून पोरं शोधत बसायची.

आणि सालींच्या जाती! काही वायरींत साल काढल्यावरही आत एक पारदर्शक पापुद्रा राहतो, कांद्यासारखा. तो दिसत नाही. तुम्ही खुशाल त्याच्यावर पिन चढवता आणि वीज बाहेर उभी राहते. टेफ्लॉनचं साल तर इतकं बुळबुळीत, की पकडीत धरावं तर गचकन निसटतं. हे टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनतज्ज्ञाला दुसरंच काही करताना योगायोगानं मिळालं. आमच्याकडे पुढं ते तव्याच्या रूपानं आलं. धिरडं सुर्रकन घसरलं तेव्हा मी सहज म्हटलं, "आम्ही हे दिवसभर खरवडून काढतो." त्यावर हिनं तो तवा माझ्या हाती लागेल अशा जागी कधी ठेवला नाही.

कॅप्टन नावाचं आणखी एक प्रकरण होतं. नावावरून पायलटचा नातेवाईक वाटेल, पण ते पिवळट तपकिरी, पातळ, वजनाला हलकं आणि चिवट साल. एका काळी लोक त्याच्या प्रेमात पडले होते. मग लक्षात आलं, की त्याला चीर पडली, त्यात ओल शिरली आणि ठिणगी उडाली, तर सालाचाच कोळसा होतो. कोळशातून वीज वाहते आणि आग वायरीच्या अंगावरून पुढं पुढं सरकते. जे राखायला ठेवलं तेच चोराला वाट दाखवतं. आमच्या चाळीच्या रखवालदाराबद्दल असाच संशय होता, पण तो सिद्ध झाला नाही.

या धंद्याचे घरी परिणाम झाल्याशिवाय राहत नाहीत. हिनं एकदा मला लसूण सोलायला दिला. "तुमचाच विषय," म्हणाली. अर्ध्या तासानं ती बघायला आली तेव्हा माझ्यापुढं सहा पाकळ्या होत्या. चार पास, दोन नापास. "नापास म्हणजे काय हो?" मी तिला सुरीचा ओरखडा दाखवला. तिनं त्या सहाही पाकळ्या उचलल्या आणि खलबत्त्यात घालून माझ्यादेखत ठेचल्या. स्वयंपाकघरात आणि हँगरमध्ये हा मूलभूत फरक आहे.

आता जी गोष्ट सांगायची ती १९७९ च्या पावसाळ्यातली. रात्रपाळी. एक विमान पहाटे जायचं होतं आणि त्याच्या पोटातल्या एका कनेक्टरच्या पाच-सात वायरी बदलायच्या होत्या. सोलणं त्या कोल्हापूरच्या पोराकडे होतं. तोवर त्याचा हात असा बसला होता, की मास्तर त्याच्या वायरी भिंगाशिवाय पास करायचे. त्यानं सोललं, पिना क्रिंप केल्या, कनेक्टरमध्ये बसवल्या. क्रिंप केलेल्या पिनेला एक बारीक भोक असतं, त्यातून आतल्या तारा दिसल्या पाहिजेत. दिसल्या. पण त्या अठरा आहेत की एकोणीस, हे त्या भोकातून ब्रह्मदेवालाही मोजता येणार नाही. जुडगा बांधला, पॅनल लावलं, सह्या झाल्या. आम्ही चहाला गेलो.

चहा त्याच्यापुढं गार झाला. त्यावरून मला काहीतरी आहे असं वाटलं, कारण हा पोरगा चहा कपातला पिऊन बशीतलाही चाटणारा. थोड्या वेळानं त्यानं शर्टाच्या खिशातून एक सालाचा तुकडा काढला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि मास्तरांपुढं टेबलावर ठेवला.

"मास्तर, ह्याच्यात कायतरी चमाकतंय."

मास्तरांनी भिंग लावलं. सालाच्या त्या नळीत एक तुकडा अडकला होता. तार. एकोणिसातली एक, सालाबरोबर बाहेर आलेली.

कुणीच काही बोललं नाही. हे सगळं कुणाला कळणार होतं? साल केराच्या डब्यात गेलं असतं, डबा सकाळी रिकामा झाला असता. पिनेच्या आत अठरा तारा आपलं काम करत राहिल्या असत्या, बहुधा वर्षानुवर्षं. हे "बहुधा" मी आज लिहितोय; त्या रात्री टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या मनात ते येऊन गेलं, आणि प्रत्येकानं ते येऊन गेल्याचं दुसऱ्याच्या तोंडावर बघितलं. मास्तरांनी विचारलं, "कुठली पिन?"

"ते नाय सांगता येत. सातातली एक."

मास्तरांनी चहा संपवला आणि उठले. पॅनल पुन्हा उघडलं, जुडगा सोडला, सातही पिना कापल्या. आता वायरी तेवढ्यानं आखूड झाल्या, म्हणून काही ठिकाणी नवीन घालाव्या लागल्या. मास्तरांनी सोलण्याचं काम दुसऱ्याला दिलं नाही. त्याच पोराला म्हणाले, "बस. घाई करू नकोस." आणि भिंग त्याच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत भिंग दुसऱ्याच्या हातात गेलेलं मी तेव्हाच बघितलं.

पहाटेचं विमान उन्हं वर आल्यावर गेलं. लाउंजमध्ये प्रवाशांनी काय काय शब्द वापरले, ते आमच्यापर्यंत साहेबांमार्फत आले, त्यात साहेबांनी स्वतःची थोडी भर घातली असावी. विलंबाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, कारण. मास्तरांनी त्यात लिहिलं, "तार १ नग, जाडी ०.१६ मि.मी." साहेबांनी फॉर्म परत पाठवला. आकडा चुकला असेल, दशांश चिन्ह तपासावं, असा शेरा मारला होता. मास्तरांनी दशांश चिन्ह तपासलं, बरोबर आहे असं लिहून सही केली आणि फॉर्म पुन्हा वर पाठवला. मग मेमो आला. तो पोराच्या नावानं आला होता, निष्काळजीपणाबद्दल. खिशात साल जपून ठेवणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणायचं, हे फक्त टाइप करणाऱ्यालाच जमतं. मास्तरांनी तो मेमो घेतला, खाली "माझ्या देखरेखीखाली काम झाले आहे" असं लिहून स्वतःचं नाव घातलं. त्या वर्षी दोघांचीही वेतनवाढ लांबली. कंपनी कोणती ते मी सांगणार नाही. पेन्शन अजून तिथूनच येतं.

पुढं जगानं वायरीकडे वळून बघितलं, पण फार किंमत मोजून. १९९६ च्या जुलैत न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूएचं जम्बो हवेतच फुटलं, २३० माणसं गेली. इंधनाच्या टाकीतल्या वाफेचा स्फोट झाला होता, आणि ठिणगीचा सगळ्यात जास्त संशय टाकीबाहेरच्या वायरींतल्या शॉर्ट सर्किटवर आला. १९९८ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं विमान छतात लागलेल्या आगीनं कॅनडाजवळ समुद्रात पडलं, २२९ गेले. तिथं चार वर्षांहून अधिक काळ तपास चालला, आणि प्रवाशांना सिनेमे दाखवणाऱ्या यंत्रणेच्या एका वायरीवर ठिणगी उडाल्याची खूण मिळाली. यांत सोलणाऱ्या कुणाचा दोष निघाला असं नाही. पण त्या दोन्ही बातम्या मी हँगरच्या कँटीनमध्ये वाचल्या, आणि दोन्ही वेळा आमच्यातलं कुणी जेवलं नाही.

मग २००७ साली अमेरिकेच्या विमान खात्यानं नियम केले, की वायरिंग ही विमानातली एक स्वतंत्र यंत्रणा मानावी आणि तिची तशी निगा राखावी. तोपर्यंत इंजिन ही यंत्रणा, चाकं ही यंत्रणा, संडासही यंत्रणा, आणि वायर म्हणजे नुसती घरातली आत्या. सगळ्यांची उठाठेव तिनं करायची आणि रेशनकार्डावर नाव नाही. जम्बोत दीडशे मैलांहून जास्त वायर असते. एअरबसच्या ए-३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून सावंतवाडीला चहा घेता येईल. त्याच ए-३८० च्या वेळी, २००६ साली, जर्मनीत तयार केलेले वायरींचे जुडगे फ्रान्समध्ये विमानात बसवायला गेले तर ते पुरेनात. दोन्हीकडचे लोक एकाच संगणक-प्रणालीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरत होते! विमानं दोन वर्षं रखडली. ही बातमी वाचून मला गंमत वाटली नाही म्हटलं तर खोटं होईल. आम्ही एका तारेसाठी काही तास घेतले होते.

आता सोलायला लेझर आलं आहे. किरण साल जाळतो आणि तांब्याला लागला की परत फिरतो, ओरखड्याचा प्रश्नच नाही. मला ते दाखवायला नेलं होतं, निवृत्तीनंतर. काम सुरेख आहे. धूर मात्र फार होतो, आणि यंत्राच्या शर्टाला खिसा नसतो.

परवा आम्ही दोघं मुलीकडे बंगळूरला निघालो होतो. विमानात बसलो, पट्टे लावले आणि घोषणा झाली, तांत्रिक कारणास्तव उड्डाणास उशीर होत आहे. लगेच आजूबाजूला घड्याळं बघणं सुरू झालं. माझ्या शेजारचे टायवाले गृहस्थ उसळून म्हणाले, "काहीतरी फुटकळ असणार हो! एखादी वायर-बियर! आणि एवढ्यासाठी दीडशे माणसांना बसवून ठेवायचं!"

मी खिडकीतून बघायला लागलो. खाली एक पोरगा पंखाजवळ शिडी लावत होता. दुसरा हातात टॉर्च घेऊन उभा होता. कुणी धावत नव्हतं.

"तुम्हाला आनंद कसला झालाय?" हिनं हळूच विचारलं.

"कुठं काय?"

"तोंडावर दिसतंय. आता गप्प बसा." तिनं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. मग शेजारच्या गृहस्थांकडे नजर टाकून माझ्या कानाशी म्हणाली, "आणि ह्यांना तुम्ही काय करत होता ते सांगत बसू नका. तुमचं ते तारा मोजणं ऐकलं, तर उतरून जातील बिचारे."